सतरा नंबरची उघाडी

साइटवरून दमून आलेल्या माणसाला कुणीही आधी पाणी देतं. वझेबाई पाण्याविषयी विचारायच्या.

“पाणी कुठल्या हाताला होतं?”

समोरचा ओव्हरसियर बिचारा बाहेरच्या नळावर गुडघ्यापर्यंतचा चिखल धुऊन नुकता खुर्चीत टेकलेला असायचा. त्याच्या काय लक्षात राहणार? “असेल की डाव्या,” असं काहीतरी तो ठोकून द्यायचा. बाई समोरच्या नकाशावर वाकायच्या आणि दोन मिनिटांनी सांगायच्या, “मग तुम्ही जाताना नाही बघितलंत, येताना बघितलंत.” तो डोकं खाजवायचा. ते खरं निघालेलं असायचं.

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. पेणला आमची बांधांची कचेरी होती. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून खाडीकाठच्या भातशेतीला मातीचे लांबच लांब बांध घातलेले असतात. त्यांची देखभाल हे आमच्या कचेरीचं काम. मी आवक-जावक कारकून होतो. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, गेलेल्या कागदाला नंबर द्यायचा, आणि मधल्या काळात त्या कागदाचं काय झालं याची चौकशी करायची नाही. वझेबाई, म्हणजे शरयू वझे, ट्रेसर होत्या. काचेच्या टेबलावर मूळ नकाशा पसरायचा, त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि काळ्या शाईने नकाशा पक्का उतरवून घ्यायचा, हे त्यांचं काम. त्या कापडावरून मग हव्या तेवढ्या निळ्या प्रती निघत. अठरा वर्षं त्या हे करत होत्या. धरमतरच्या खाडीपासून कुंडलिकेच्या खाडीपर्यंतचं प्रत्येक वळण त्यांच्या बोटांना पाठ होतं. आणि त्यातला एकही बांध त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

कारण साधं होतं. साइटच्या जीपमधून बायकांना नेत नसत. तसा काही नियम नव्हता, पद्धत होती. नियमाला निदान पळवाट तरी असते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी बाईंनी तेव्हाच्या साहेबांना विचारलं होतं म्हणे. साहेब हसून म्हणाले, “कशाला चिखलात येता? कागदावर पाय भिजत नाहीत, ते बरं.” ते वाक्य बाईंनी उचललं ते कायमचं. कचेरीत कुणी बढाया मारू लागला की त्या चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, “हो ना, कागदावर पाय भिजत नाहीत.” बोलणाऱ्याची हवा तिथेच जायची.

बाई उंच, किडकिडीत आणि मनगटाने मजबूत. डाव्या अंगठ्याच्या नखावर कायम एक काळी रेघ असायची, कारण पेनातून शाई नीट उतरतेय की नाही हे त्या नखावर ओढून बघत. कचेरीत तळलेल्या पदार्थाला शिवत नसत. बोटाला तेल असलं की कापड शाई धरत नाही. पेणमध्ये राहून पापडाला नाही म्हणणारी एवढी एकच बाई मी पाहिली. राहायच्या भावाकडे. लग्न केलेलं नव्हतं. मी नवीन होतो तेव्हा आगाऊपणाने विचारलं होतं, “बाई, तुम्ही लग्न का नाही केलंत?” त्या म्हणाल्या, “तू का केलंस?”

नकाशाच्या कडेला एक ओळ असते. ‘पुढे तक्ता क्रमांक अमुक पाहा.’ या ओळीवर बाईंचा भारी राग. “पुढे काय आहे ते सांगत नाहीत, पुढचा कागद बघा म्हणतात,” असं त्या म्हणायच्या. त्यामुळे बाहेरगावी जाऊन आलेला प्रत्येक माणूस त्यांच्या तावडीत सापडायचा. लग्नानंतर मी बायकोला घेऊन रेवदंड्याला मेव्हण्याकडे चार दिवस राहून आलो. कचेरीत सगळ्यांनी व्हायची तेवढी चेष्टा केली. बाईंनी विचारलं, “नागावला समुद्र सुरूच्या झाडांआडून दिसतो, की अजिबातच दिसत नाही?” मला काही आठवेना. त्या मनापासून हळहळल्या. मी मुळात रस्त्याने जाणारा माणूस. एसटीत बसलो की डोळा लागतो, आणि उतरायचं ठिकाण आलं की आपोआप उघडतो.

आता झबल्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. ट्रेसिंगचं कापड म्हणजे चांगलं तलम कापड, खळ चढवून गुळगुळीत केलेलं. गरम पाण्यात भिजवून चोळलं की खळ सुटते, खळीबरोबर शाई जाते आणि मलमलीसारखा तुकडा हाती येतो. कचेरीतून जुने, विटलेले नकाशे रद्दीत निघाले की बाई ते मागून घेत, घरी धूत, आणि कचेरीत ज्याच्या घरी पाळणा हलेल त्याला दोन झबली शिवून देत. आमच्या निम्म्या कचेरीची पोरं अशी खाडीकाठी वाढली. माझ्या मुलालाही दोन मिळाली होती. नीट निरखलं तर पाठीवर बांधाची पुसट रेघ दिसायची.

त्या पावसाळ्यात खारमाणीहून एक म्हातारा अर्ज घेऊन आला. खारमाणी हे कुंडलिकेच्या काठचं गाव, रोह्याच्या खालच्या अंगाला. म्हाताऱ्याचं नाव हिराजी म्हात्रे. अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचलेला. मी नंबर टाकला आणि त्याला साहेबांपुढे उभं केलं.

“सायेब, आमच्या बांधाला उघाडी पायजे.”

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी ते दार ढकलून खाडीत जातं, आणि भरती आली की बाहेरचं पाणी ते दाबून बंद करतं. उघाडी नसेल तर पावसाचं पाणी शेतात तुंबून राहतं आणि उभं भात कुजतं.

साहेबांनी नकाशा मागवला. बाईंनी आणून पसरला. साहेबांनी बोट ठेवलं. “ही काय, सतरा नंबर! तुमच्या गावाला उघाडी आहे.”

“नाय सायेब.”

“अहो, नकाशात आहे.”

“नकाशात आसंल. बांधात नाय.”

कचेरी हसली. मीही हसलो, हे कबूल करतो. साहेब म्हणाले, “गाळात बुजली असेल, शोधा नीट,” आणि अर्जावर शेरा मारला की उघाडी अस्तित्वात आहे, सबब नवीन देता येत नाही. हिराजीने रिकाम्या पिशवीची घडी घातली. “चवथी खेप हाय ही,” एवढंच म्हणाला आणि गेला.

बाई हसल्या नव्हत्या. त्यांचा चहा तसाच गार झाला. कचेरी सुटताना त्यांनी मला गाठलं. “मधुकर, तुझ्या मुलाची झबली आहेत ना अजून?”

त्या तशाच माझ्याबरोबर घरी आल्या. वाटेत सांगितलं ते असं. खारमाणीचा तक्ता त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी उतरवला होता. मूळ नकाशाही कापडावरचाच, पण जुना आणि डागाळलेला. त्यावर बांधाच्या रेघेला चिकटून एक काळा ठिपका होता. इतर उघाड्या अशाच ठिपक्यांनी दाखवलेल्या, म्हणून त्यांनी तोही उतरवला आणि ओळीने नंबर दिला, सतरा. अठरा वर्षांत त्याबद्दल कधी शंका आली नाही. आज पहिल्यांदा वाटलं, तो नुसता शाईचा थेंब असेल तर? मूळ कापड बघावं, तर ते गेल्या वर्षी रद्दीत निघालेलं, बाईंनीच चोळून धुतलेलं आणि माझ्या पोराच्या अंगात घातलेलं.

बाईंनी खिडकीत झबलं उजेडाकडे धरलं. बांधाची रेघ होती. रेघेला लागून, काखेपाशी, एक काळपट डागही होता. तेवढ्यात माझी बायको म्हणाली, “अहो, ते काजळ आहे. तीट लावताना लागतं.”

“आणि हा शेजारचा?”

“तोही काजळच. नाहीतर बाळगुटी.”

बाईंनी झबल्याची घडी घालून ते परत दिलं. एरवी चौकशी करून जग हैराण करणारी बाई, तिला असं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. “मधुकर, तो थेंबच असला तर त्या गावाचं भात अठरा वर्षं माझ्यामुळे कुजतंय.” मी म्हटलं, साहेबांना सांगून टाका. त्या म्हणाल्या, “काय सांगू? मला तरी कुठे माहीत आहे? बघून यायला हवं.”

बघून यायचं कसं, याच्या मागे त्या लागल्या. नागोठण्याला मोठ्या कारखान्याची उभारणी चालली होती. त्यासाठी आलेला एक परदेशी तंत्रज्ञ बाईंच्या भावाच्या ओळखीत भाड्याने राहायचा. जाताना तो आपली घडीची होडी मागे टाकून गेला होता. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, वर जाड रबरी कापड, बसायला जागा एका माणसाची आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. कयाक म्हणतात तिला. घरमालक तिच्यात कांदे वाळवत होता. बाईंनी ती मागून आणली. “कापडाची आहे,” त्या म्हणाल्या, “कापडाशी माझं जमतं.” फाटलं होतं तिथे त्यांनी इतकी बारीक ठिगळं लावली की ती शोधावी लागत.

पाऊस ओसरल्यावर दर रविवारी अंतोऱ्याच्या बंदरात त्यांचा सराव सुरू झाला. पहिल्या रविवारी तीनदा पाण्यात पडल्या. बांधावर जवळा निवडत बसलेल्या बायकांची करमणूक झाली. एक म्हणाली, “गो बाय, ह्या होरीत एक तर तू मावशील, नाय तर तुझी सावली!” बाई पाणी निथळत म्हणाल्या, “पुढच्या रविवारी सावलीला घरी ठेवून येते.” त्याच बायकांनी त्यांना भरतीचं गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनला भरती. खाडीत आत असाल तर वर तासभर धरायचा. बाईंनी हे वहीत लिहून घेतलं आणि महिनाभर कचेरीतल्या प्रत्येकाला येता-जाता भरतीची वेळ सांगत सुटल्या.

आणि दिवाळीच्या तोंडावर बदलीचा कागद आला. रोह्याला नवी शाखा उघडली होती. कुंडलिकेचे सगळे नकाशे तिकडे जाणार, आणि नकाशांबरोबर बाई. बदली झालेल्या माणसाला नव्या जागी हजर व्हायला तेव्हा सात दिवस मिळत. सहा तयारीचे, एक प्रवासाचा. पेण ते रोहा एसटीने दीड-दोन तासांचं काम, त्यामुळे लोक ते दिवस घर लावण्यात नाहीतर झोपण्यात घालवत.

“तयारी माझी अठरा वर्षं चाललीय,” बाई म्हणाल्या. “सातही दिवस प्रवासाला.”

बेत ऐकून आम्ही गार पडलो. पेणहून वडखळ, तिथून धरमतरचा पूल, मग खाडीच्या काठाने बांधांवरून रेवसपर्यंत पायी. पुढे मांडवा, अलिबाग, नागाव असं समुद्राला धरून रेवदंडा. रेवदंड्याला होडीत बसायचं आणि भरतीबरोबर कुंडलिकेतून वर खारमाणी, तिथून रोहा. एकटीने. मी म्हटलं, “बाई, रोह्याला हजर व्हा आणि एखाद्या रविवारी खारमाणीला जाऊन या. दोन तासांचं काम.”

“नुसती सतरा बघायला गेले तर भीतीपोटी काहीही दिसेल. आधीच्या सोळा बघत गेले तर नजर बसेल.”

भाऊ म्हणाला, एकटी कशी जाणार? त्यावर उत्तर, “होडीत जागाच एकीची आहे.” साहेबांनी विचारलं, हे नियमात बसतं का? त्यावर मी, ज्याने आयुष्यात कधी साहेबांसमोर मान वर केली नव्हती, तो बोलून गेलो, “सर, नियमात दिवस लिहिलेत. वाट लिहिलेली नाही.” माझ्या नोकरीतलं शौर्य एवढंच.

होडी मी एसटीच्या टपावर टाकून रेवदंड्याच्या मेव्हण्याकडे पाठवली. निघायच्या दिवशी वडखळच्या नाक्यापर्यंत पोहोचवायला गेलो. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला होता, पायात शाळकरी पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. पाठीवर स्वतः शिवलेली पिशवी. तिच्यात पोहे, गूळ, मेणकापड, छत्री, मोजपट्टी, नकाशांच्या प्रती आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान. ट्रकांच्या धुरळ्यातून अलिबागच्या फाट्याला त्या वळल्या तेव्हा चालण्यात अशी घाई होती की सात दिवस कमी पडतील असं मला तेव्हाच वाटलं.

रोज एक पोस्टकार्ड यायचं. वर पेनाने काढलेली त्या दिवसाच्या किनाऱ्याची रेघ, खाली दोन ओळी. पत्रं माझ्याच हातात यायची, पण पुढे कचेरीभर फिरायची.

‘धरमतरचा पूल ओलांडला. पाणी उजव्या हाताला.’

‘एक ते चार नंबरच्या उघाड्या पाहिल्या. चारही जागच्या जागी. तीनवर खंड्या बसला होता, तो नकाशात नाही. पाणी उजव्या हाताला.’

‘मांडव्यापाशी खाडी संपून समुद्र सुरू होतो. नक्की कुठे, ते उभं राहून कळत नाही. मी तिथे रेघ मारलेली आहे. पाणी उजव्या हाताला.’

‘नागाव. समुद्र सुरूंच्या आडून दिसतो. मधुकरला सांगावे.’

चौथं कार्ड वाचून साहेब म्हणाले, “बाई पाण्याला उजवी प्रदक्षिणा घालतायत की काय?” हसण्यासारखं होतं, पण या वेळी फारसं कुणी हसलं नाही. प्रत्येकजण दुसऱ्या दिवशीच्या टपालाची वाट बघत होता. मग कार्डं बंद झाली. मेव्हण्याचा निरोप आला की बाई पहाटे रेवदंड्याच्या किल्ल्याखाली पाण्यात उतरल्या आणि सरळ गेल्या.

पुढचं मला त्यांनी नंतर सांगितलं. पाचवा अख्खा दिवस त्या भरतीबरोबर वर सरकत होत्या, ओहोटी लागली की होडी काठच्या तिवरांच्या झाडांच्या मुळाशी बांधून बांधावर चढत होत्या आणि उघाड्या मोजत होत्या. सोळाच्या सोळा निघाल्या. काही मोडक्या, एक तर शेवाळाने जाम झालेली, पण होत्या. सहाव्या दिवशी एकादशी. सकाळी नवाच्या सुमारास भरतीने त्यांना खारमाणीला आणून सोडलं.

आदल्या दिवशी परतीचा पाऊस झोडपून गेला होता. पिकलेलं भात गुडघाभर पाण्यात उभं होतं आणि सगळं गाव फावडी-घमेली घेऊन बांधावर. बाई नकाशा हातात धरून पावलं मोजत चालल्या. सोळापासून इतकी पावलं, मग वळण, मग सतरा. त्या थांबल्या. पायाखाली सलग बांध होता. दगड नाही, लाकूड नाही, बुजलेल्या दाराची खूणसुद्धा नाही.

“बाय, तू कचेरीतली ना? काचेच्या टेबलावाली?” हिराजीने त्यांना ओळखलं.

“हो. सतरा नंबरची उघाडी बघायला आलेय.”

बांधावर हशा पिकला. “मंग बघ की! हिच्यावरच हुबी हायस तू.”

त्या जागेला गाव ‘कागदाची उघाडी’ म्हणायचं. सरकारी नकाशात दार इथे आहे, तर आपण दार इथेच करायचं, म्हणून पाणी तुंबलं की गाव याच जागी बांध फोडायचं. हिराजीने समजावलं, “भरती आता फिरंल. पानी उतारलं का फोरायचा, आन पाचाच्या आत बुजवायचा. ऱ्हायला उघडा तर खारं पानी आत. मंग तीन वर्सं भात नाय.”

बाई म्हणाल्या, “काका, ती उघाडी मी काढली. कापडावर शाईचा थेंब पडला होता, मी दार समजले.”

हसणं थांबलं. हिराजीने फावडं खाली टेकवलं.

“चुकून काढलीस?”

“हो.”

“मंग आता हुबी नको ऱ्हाऊ. हात लाव.”

दुपारपासून पाचपर्यंत त्या चिखलाच्या रांगेत उभ्या होत्या. आधी बांध फोडला, पाणी धो धो खाडीत गेलं, आणि मग या हातातून त्या हातात चिखलाचे गोळे देत भरतीच्या आधी तो बुजवला. मी विचारलं, “पाय भिजले का?” त्या म्हणाल्या, “मानेपर्यंत.”

संध्याकाळी हिराजीच्या ओट्यावर त्याने एकच प्रश्न केला. “ती पुसता येल का गो आता?”

पुसता येणार होती. पण त्यासाठी लेखी द्यावं लागणार, आणि लेखी द्यायचं तर मापं हवीत. बांध किती रुंद फोडतात, किती खोल, पाणी किती उतरतं. दिवसभर चिखल देण्यात मापं राहूनच गेली होती, आणि ती घ्यायला बांध उघडा हवा. पाणी अजून उरलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी गाव तो पुन्हा फोडणार होतं. पण दुसरा दिवस म्हणजे सातवा. पहाटेच्या भरतीबरोबर निघालं तरच रोह्याच्या हजेरीपुस्तकावर वेळेत सही होणार होती. बाईंचं सेवापुस्तक अठरा वर्षं स्वच्छ होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता, हे मला माहीत आहे. त्या थांबल्या. मापं घेतली. आठव्या दिवशी, धनत्रयोदशीला, वाळलेल्या चिखलासकट रोह्याच्या कचेरीत हजर झाल्या.

उशीर झाला की खुलासा मागतात. त्या खुलाशाची प्रत आमच्याकडे आली. मी नंबर टाकायच्या आधी ती वाचली, माझ्या नोकरीत पहिल्यांदाच.

‘खारमाणी येथे थांबल्याने एक दिवस उशीर झाला. उघाडी क्रमांक सतरा तेथे नाही. मूळ नकाशावर पडलेला शाईचा थेंब मी उघाडी समजून उतरवला. त्यामुळे गावाचे अर्ज फेटाळले गेले. गावकरी त्या जागी हातांनी बांध फोडतात व बुजवतात. मापे सोबत जोडली आहेत. चूक माझी आहे. ती दुरुस्त करावी, ही विनंती.’

साहेबांनी कागद दोनदा वाचला. “एसटी चुकली म्हणून लिहिलं असतं तरी चाललं असतं की हो,” ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. मग त्यांनी हिराजीचा जुना अर्ज मागवला आणि आपल्याच शेऱ्याकडे बघत बसले. मला मात्र बाईंची कमाल वाटली. नुसता अर्ज केला असता तर तो कुठल्यातरी गठ्ठ्यात गेला असता. खुलासा मागितलेला असतो, तो फाइल करावाच लागतो. पुढे कधीतरी मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, “आवक-जावकला उगीच बसला नाहीस तू.”

बाईंच्या सेवापुस्तकात ठपका आला. सतराचा ठिपका त्यांनी स्वतःच ब्लेडने खरवडून काढला. हिराजीचा पाचवा अर्ज आला, त्याला मी नंबर टाकला. मग सरकारी चालीने तीन वर्षं गेली.

तीन वर्षांनी फायली घेऊन मी रोह्याला गेलो होतो. बाई काचेच्या टेबलावर होत्या. केस पांढरे झाले होते, डोळे थकले होते, आणि महिनाअखेरीस त्या नोकरी सोडणार होत्या. खारमाणीची उघाडी बांधून पूर्ण झाल्याचा अहवाल त्याच आठवड्यात आला होता. खारमाणीचं कापड काचेवर ताणलेलं, शाईची बाटली उघडी. तिथले साहेब म्हणाले, “बाई, तेवढा ठिपका द्या, म्हणजे प्रती काढायला पाठवतो.”

बाईंनी पेन नखावर ओढून पाहिलं. मग पुसून खाली ठेवलं. “बघितल्याशिवाय नाही.”

“अहो, ओव्हरसियरने बघितलीय. फोटो जोडलाय.”

बाई ओव्हरसियरकडे वळल्या. “पाणी कुठल्या हाताला होतं?”

तरुण पोरगा होता. तो साहेबांकडे बघायला लागला.

बाईंनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला आणि पिशवी उचलली. मी खाडीपर्यंत बरोबर गेलो. कारखान्यांमुळे पाण्याला थोडा वास येत होता. होडी एका कोळ्याच्या पडवीत ठेवलेली होती, ठिगळं वाढली होती. ओहोटी लागली होती. बाई पाय लांब करून बसल्या, वल्हं आडवं धरलं.

“येतोस?”

“जागा एकाची आहे, बाई.”

“माहीत आहे. विचारायचं असतं.”

आणि त्या निघाल्या. पाठ ताठ, वल्ह्याची पाती एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. मी चारची एसटी चुकवून काठावर उभा राहिलो. पहिल्या वळणावर त्या तिवरांच्या आड गेल्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. पुढे माझी बदली महाडला झाली, आणि बाईही पेणला परतल्या नाहीत.

बदलीआधी त्या नकाशाची प्रत मात्र पेणला आली, माझ्याच टेबलावर. नंबर टाकायच्या आधी मी ती खिडकीत धरली. सतराचा ठिपका होता, ठसठशीत. प्रत्येक नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते आणि तिच्यात तीन रकाने. रेखाटले, अनुरेखित म्हणजे कापडावर उतरवले, आणि तपासले. बाईंची सही अठरा अधिक तीन वर्षं मधल्या रकान्यात असायची. या वेळी त्यांनी तपासलेच्या खाली, कुणालाही न विचारता, हाताने एक चौथा रकाना आखला होता.

‘पाहिले: श. वझे.’